चोवीस घरांची पाटी

गार्गी खरमाळेने चपला काढून उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं, तेवढ्यात तुषार वडकेने विचारलं, "मॅडम, तुमची सही आजच मिळेल ना?"

"कशावर?"

"असमर्थतेच्या दाखल्यावर. परवा मेडिकल बोर्डापुढे तारीख आहे. तुमचा अहवाल जोडला की काम झालं."

"आधी तुमच्या वडिलांना तर भेटते," गार्गी म्हणाली. "सहीचं मागाहून बघू."

गेल्या महिन्याभरात तिने अशी पन्नासेक घरं पालथी घातली होती. एव्हाना दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहूनच तिला निम्मं कळायचं. कुणी आधी ओळखपत्र मागायचं, कुणी आधी चहा टाकायचं, आणि कुणी तिच्या पिशवीकडेच असं बघायचं, जणू त्यांची नाणी तीत भरूनच ती निघून जाणार आहे. तुषारच्या डोळ्यांखाली मात्र नुसती काळी वर्तुळं होती. माणूस लबाड नाही, पार दमलाय, असं तिचं मत झालं आणि ते पुढेही बदललं नाही.

गार्गीची ही नोकरी चार वर्षांपूर्वी जगात अस्तित्वातच नव्हती. ती जन्माला घातली क्वांटम संगणकाने. त्याचं असं झालं की आभासी नाण्यांचा अवघा डोलारा एका साध्या गोष्टीवर उभा होता. मालकाकडे एक भलामोठा गुप्त आकडा असतो, ती खासगी किल्ली. तिच्यावरून गणिताने सार्वजनिक किल्ली निघते, आणि त्या किल्लीचा ठसा घेतला की तयार होतो पत्ता. पत्त्यावर नाणी कुणीही पाठवावीत. ती तिथून हलवायची तर सही लागते खासगी किल्लीची. या वाटेने पुढे जाणं सोपं, उलट येणं अशक्य. दुधाचं दही लावता येतं, दह्याचं दूध करता येत नाही, तसलाच प्रकार. मग क्वांटम संगणक आला आणि चाळीस मिनिटांत दह्याचं दूध करून दाखवायला लागला.

ठशापुढे मात्र त्याचीही मात्रा चालत नव्हती. म्हणजे ज्यांनी पत्त्यावर नाणी घेतली पण एकदाही खर्च केली नाहीत, त्यांची सार्वजनिक किल्ली चोरांनी पाहिलेलीच नव्हती आणि तोवर त्यांना धोका नव्हता. पण पहिली सही केली रे केली, की किल्ली उघड्यावर! म्हणून जगभरच्या जाणकारांनी बसून ठरवलं की सगळ्यांनी आपली नाणी नव्या पत्त्यांवर हलवावीत. या पत्त्यांचं गणित वेगळं, क्वांटमला दाद न देणारं. एकतीस मार्चनंतर जुनी सही चालणार नव्हती. मागे राहील ते कायमचं गोठणार होतं. लोकांना यात मदत करायला सरकारने 'स्थलांतर सहायक' नेमले, त्यांतली गार्गी एक.

आणि आज वीस मार्च होती.

"बसा," तुषारने खुर्ची पुढे केली आणि भराभरा सांगायला सुरुवात केली. संगमनेरात वडक्यांचं भांड्यांचं दुकान तीन पिढ्यांचं. त्याचे वडील, अण्णा, भांडी विकायचे आणि भांड्यांवर नावंही घालायचे. गावातल्या कुठल्याही घरातलं ताट उलटं करा, अण्णांचं अक्षर दिसेल. आठ वर्षांपूर्वी परदेशातला एक जण त्यांच्याकडून तांब्याची घंगाळं नि बंब घ्यायला लागला आणि पैसे आभासी नाण्यांत पाठवायला लागला. अण्णांनी त्यासाठी हार्डवेअर वॉलेट घेतलं, नाणी घेत गेले, आणि त्यांतलं एकही कधी खर्च केलं नाही.

हार्डवेअर वॉलेटला लोक सरळ 'डबी' म्हणायचे. काडेपेटीएवढं यंत्र, दोन बटणं, बोटभर पडदा. खासगी किल्ली तिच्या पोटात राहते. डबीतून बाहेर येते ती फक्त सही. डबी हरवली, जळाली, पाण्यात पडली तरी हरकत नसते, कारण पहिल्याच दिवशी ती चोवीस शब्द दाखवते आणि त्या शब्दांतून किल्ली पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. त्यामुळे खरी जपायची असतात ती ही अक्षरं. त्यांचा फोटो काढायचा नाही, ती संगणकात टाइप करायची नाहीत, कुणाला दाखवायची नाहीत, आणि सहायकाला तर नाहीच नाही. शब्दांचा कागद निघाला की गार्गी पाठ फिरवून बसायची. या नोकरीत तिने लोकांचे पैसे कमी आणि भिंतीच जास्त पाहिल्या होत्या.

"चौदा महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला," तुषार सांगत होता. "उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडातून एवढंच येतं, 'तेच ते'. चहा हवा तरी तेच ते, नको तरी तेच ते. डबीचा पिन कुणालाच माहीत नाही. मी आईचा वाढदिवस टाकून बघितला. मग त्यांच्या लग्नाची तारीख. मग दुकानाच्या उद्घाटनाची. तिसऱ्या वेळी डबीने स्वतःला पुसून टाकलं."

"तशीच बनवलेली असते ती. चोराच्या हाती लागली तर उपयोग होऊ नये म्हणून."

"मी चोर नव्हतो, मॅडम."

"तिला कसं कळणार?" गार्गी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं.

त्यानंतर अण्णांनी शब्द कोरलेली पोलादी पाटी कुठूनशी बाहेर काढली होती. बायकोला जवळ बसवून त्यांनी ते शब्द डबीत चार वेळा घातले. चारही वेळा डबी म्हणाली, शब्द चुकीचे आहेत.

"अण्णांना वाटतं, ते बरोबर घालतायत," तुषार म्हणाला. "आता काय समजायचं? म्हणून केंद्राकडे अर्ज केलाय."

केंद्र म्हणजे पुण्यातलं किल्ली-शोध केंद्र. तिथे परवान्याचा क्वांटम संगणक होता. करखात्याकडे नोंदवलेली सार्वजनिक किल्ली मागवून ते कुणाचंही जुनं वॉलेट उघडू शकत, पण मालक मयत तरी हवा नाहीतर कायद्याने असमर्थ ठरलेला हवा. अण्णा मयत नव्हते. राहिला दाखला, आणि त्या दाखल्याचं एक शेपूट होतं. तो मिळाला की माणसाची सही सगळीकडूनच रद्द. दुकान, बँक, मतदान, स्वतःच्या ऑपरेशनची परवानगी, सगळं मुलाकडे. दाखल्याला बोर्डाची सही लागायची आणि त्याआधी सहायकाचा अहवाल: मालकाला हे व्यवहार समजतात, की समजत नाहीत?

"मला काय हौस आहे?" तुषारचा आवाज चढला. "पण अकरा दिवसांनी सगळं गोठलं, तर? त्यांची आठ वर्षांची कमाई आहे ती. शिवाय ते ठार गप्प असतात, काही कळतं की नाही कोण जाणे."

हे सगळं तो अण्णांपासून चार हातांवर उभा राहून बोलत होता. अण्णा खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. डोळे मात्र टक्क उघडे, आणि ते गार्गीवर रोखलेले.

गार्गी त्यांच्यासमोर पाटावर बसली. "काका, मी गार्गी. डबी बदलायला आलेय. तुमचे शब्द मी बघणार नाही आणि विचारणारही नाही. चालेल?"

अण्णांनी डावा हात पुढे करून तिच्या गळ्यातलं ओळखपत्र ओढलं, डोळ्यांपाशी नेलं आणि एकेक अक्षर करत वाचलं. मागची बाजूही वाचली. मग ते सोडून देत म्हणाले, "तेच ते."

"हो म्हणतायत," तुषारची आई, मंदाकाकू, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "नाही म्हणायचं असलं की मान हलवतात."

गार्गीने पिशवीतून दोन डब्या काढल्या. एक जुनी किल्ली तात्पुरती उभी करायला, दुसरी नव्या पद्धतीची, कायमची. "सील तुम्हीच फोडा," ती म्हणाली. "फोडायच्या आधी नीट बघा, कुठे उचकटलेलं नाही ना. आणि डबीबरोबर शब्द आधीच छापून आले असतील तर ती सरळ फेकून द्यायची. शब्द डबीने तुमच्यासमोर बनवायला हवेत." अण्णांनी दोन्ही सीलं उजेडात धरून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि दाताने फाडली.

मग फडकं सुटलं. गार्गी आणि तुषार दोघंही भिंतीकडे तोंड करून बसले. "मोठ्याने वाचू नका, काकू," गार्गीने सांगितलं. "ते बोट ठेवतील, तुम्ही बटणं दाबा."

वीस मिनिटं खोलीत नुसती बटणांची टकटक चालली होती. मध्येच काकूंचा सुस्कारा, मध्येच अण्णांच्या नखाचा धातूवर ठोका. शेवटी डबीने बारीकशी नाराजीची शिट्टी दिली.

"शब्द चुकीचे," काकू म्हणाल्या.

"तेच ते!" अण्णांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "तेच ते! तेच ते!"

"पाहिलंत?" तुषार भिंतीकडे बघतच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, आणि म्हणूनच गार्गीला त्याचा राग येईना.

पाटी पुन्हा फडक्यात गेल्यावर काकूंनी सगळ्यांना पाणी आणून दिलं. गार्गीने फुलपात्र हातात घेतलं आणि सवयीने त्यावरचं नाव वाचलं. वर मधोमध 'श्री', खाली 'सौ. मंदाकिनी वडके', त्याखाली साल. अक्षर इतकं रेखीव, की पाणी प्यायचं सोडून ती ते फिरवून बघत बसली. मग तिने तुषारच्या हातातलं बघितलं. त्यावरही वर श्री. तांब्यावरही.

"काकू, सगळ्यावर आधी श्री घातलाय?"

"त्याशिवाय त्यांचा हातच सुरू होत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, नुसतं नाव घाला, तरी आधी श्री. एकदा मोजपट्टीवर घातला होता." काकू हसल्या. "वाण्याच्या यादीवरसुद्धा घालतात."

गार्गीने फुलपात्र खाली ठेवलं. मराठी शब्दयादीत एकंदर दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द होते, सगळे रोजच्या वापरातले, आणि त्यांत 'श्री' होता. यादी करणाऱ्या समितीत कुणीतरी भाविक असावं. यादीत नसलेला शब्द डबीने तिथल्या तिथे नाकारला असता. यादीतला असल्यामुळे तिने तो निमूटपणे घेतला आणि शेवटी मात्र सगळ्यालाच चुकीचं म्हटलं.

"काकू, शब्द सांगू नका. पाटी कशी आहे तेवढंच सांगा."

"पत्र्यासारखी आहे. चोवीस घरं आखलेली. पहिल्या डबीबरोबरच आली होती. यांनी दुकानात बसून आपल्या मशीनने कोरली."

"सगळी घरं भरलीत?"

"भरलीत की."

गार्गी अण्णांकडे वळली. शब्द विचारायचा नाही हा नियम होता आणि तो तिला मोडायचा नव्हता, म्हणून ती एकेक शब्द तोलून बोलली. "काका, डबीने दाखवलंच नव्हतं असं काही पाटीवर आहे का? हाताच्या सवयीने आधी कोरलं गेलेलं? आणि पोलादावर खोडता येत नाही, म्हणून तुम्ही तसेच पुढच्या घरापासून सुरू झालात?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं तोंड एका बाजूने वाकडं झालं आणि ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डाव्या हाताने त्यांनी मांडीवर थाप मारली. "तेच ते!"

"अगं बाई," काकू मटकन खाली बसल्या. "म्हणून पहिल्या घरावर नख आपटत होते होय! मला वाटायचं, पहिल्यापासून सुरू कर म्हणतायत. आणि मी आपली पुन्हा तेच घालतेय!"

"थांबा, थांबा," तुषार म्हणाला. "पहिलं घर वाया गेलं म्हणजे चोविसावा शब्द पाटीवर नाहीच. आणि तो अण्णांना बोलता येत नाही. म्हणजे दोन हजार शब्दांतून शोधायचा?"

"आठांतून," गार्गी म्हणाली. हे समजावून सांगताना तिला नेहमीच मजा यायची. "शाळेत गुणाकार केला की आपण ताळा करून बघायचो ना? शेवटच्या शब्दात तसा ताळा लपवलेला असतो. आधीच्या सगळ्या शब्दांवरून तो निघतो, आणि त्या शब्दाचा थोडासाच भाग मोकळा राहतो. म्हणून तेवीस शब्द पक्के असले, तर ताळा जुळेल असे शेवटचे शब्द आठच उरतात. डबी स्वतःच ते दाखवते. पण आठही चालणारे असतात. प्रत्येक शब्द वेगळं वॉलेट उघडतो. सात रिकामी, एक तुमचं."

पुन्हा दोन पाठी भिंतीकडे वळल्या. पुन्हा टकटक. या वेळी शिट्टी आली नाही. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "आठ आलेत."

एक टक. दुसरी. तिसरी. मग बराच वेळ काहीच नाही.

"हा?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं. "अहो, पुढचे बघा तरी. अजून पाच आहेत." टकटक पुढे गेली, शेवटपर्यंत गेली, आणि मोजून पाच पावलं मागे आली. बटण दाबलं गेलं. मग काकूंचाच आवाज, पण निराळा. "गार्गी, इथे शून्य नाहीये गं."

तुषार गर्रकन वळला. आईला मिठी मारली, अण्णांचा खांदा दाबला, आणि क्षणभरातच त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "नशिबाने लागला म्हणायचा," तो गार्गीला म्हणाला. "आठांत एक. तुम्हीच म्हणालात, आठच होते."

गार्गीला वाटत होतं की अण्णांनी शब्द ओळखला. वाचाघातात शब्द ओठांवर येत नाही, पण समोर दिसला तर ओळखता येतो, हे तिने वाचलंही होतं. पण आठांत एक म्हणजे साडेबारा टक्के, आणि अहवालात 'मला वाटलं' चालत नाही.

नव्या डबीने नवे चोवीस शब्द दिले. काकूंनी आधी वहीचं एक कोरं पान नवऱ्यापुढे सरकवलं. "इथे काढा काय श्री काढायचा तो, आणि मग लागा कामाला." अण्णांनी काढला, आणि मग डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखे गिरवत, शब्द कार्डावर उतरवले. गार्गीने सांगितल्याप्रमाणे डबी लगेच पुसून त्याच कार्डावरून पुन्हा उभी केली. शब्द बरोबर उतरलेत याची खात्री करायची ती हीच रीत. नाणी आत जाण्याआधी करायची, नंतर नव्हे. या सगळ्यात पाऊण तास गेला.

"आता थोडी पाठवून बघू ना?" तुषारने विचारलं. "सगळीकडे तसंच सांगतात."

"एरवी मीही तेच सांगते. पण आज नाही. थोडी पाठवायला सही केली, की जुनी किल्ली उघडी पडली आणि बाकीची नाणी त्याच पत्त्यावर. क्वांटमवाले चोर टपून बसलेले असतात, चाळीस मिनिटं त्यांना पुरतात. म्हणून सगळं एकदम, एकाच सहीत. आणि एकदा गेलं की परत येत नाही."

तुषारने लॅपटॉप आणला. नव्या डबीचा पत्ता त्यात घेतला, व्यवहार तयार केला आणि तो जुन्या किल्लीच्या डबीकडे पाठवला. आता दोन्ही पडद्यांवर पत्ता होता. नव्या डबीवर तिचा स्वतःचा, जुनीवर नाणी जिथे जाणार तो. दोन्ही साठेक अक्षरांचे, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची नुसती भेळ.

"पहिली सहा आणि शेवटची सहा बघायची," गार्गी म्हणाली आणि बघितली. "जुळतायत."

"जुळतायत," तुषार म्हणाला. "दाबा, अण्णा."

अण्णांनी जुनी डबी डाव्या हातात घेतली, नवी मांडीवर ठेवली. एकीकडे बघायचे, दुसरीकडे बघायचे. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्यांनी मान हलवली.

"अहो, दाबा ना," काकू म्हणाल्या.

अण्णांनी पुन्हा मान हलवली.

"घाबरलेत," तुषार म्हणाला. "कळत नाहीये त्यांना काय करायचं ते." तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला, वडिलांचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि बटणाकडे नेला. "एवढंच दाबायचंय, अण्णा. मी धरतो."

अण्णांनी हात हिसडला. डबी छातीशी घट्ट धरली. "तेच ते," ते म्हणाले, आणि आवाज चिरकला. तुषार तसाच बसून राहिला. त्याने गार्गीकडे पाहिलं. त्या नजरेत नुसती विनवणी होती.

गार्गीने फॉर्म पुढे ओढला. तिला फार वाईट वाटत होतं. इथवर आलेला माणूस बटणापाशी येऊन अडला, आणि का अडला ते त्याला सांगता येत नव्हतं. दमले असतील. आठांतला तो एक खरंच नशिबाने लागला असेल. तिने पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात अण्णांनी दोन्ही डब्या एकीखाली एक अशा तिच्या फॉर्मवरच आणून ठेवल्या, नेमक्या सहीच्या जागेवर. वरच्या पडद्यावर एका आकड्याखाली नख ठेवलं. मग खालच्या पडद्यावर त्याच जागी.

पत्ता गुप्त नसतो, तो बघायला तिला मनाई नव्हती. वरती आठ होता. खालती तीन.

गार्गीने पुढचं अक्षर पाहिलं. वेगळं. त्यापुढचं, वेगळं. पहिली सहा सारखी, शेवटची सहा सारखी, आणि मधली सगळी निराळी. "तुषार, लॅपटॉप बंद करा," ती म्हणाली. "हात लावू नका कशाला. नुसता बंद करा."

"काय झालं?"

"हा पत्ता अण्णांचा नाही. लॅपटॉपने मधल्या मध्ये बदललाय. चोरांचे प्रोग्रॅम असतात असे. तुम्ही पत्ता घेतलात की तसाच दिसणारा आपला पत्ता तिथे चिकटवतात. लोक पुढची-मागची अक्षरंच बघतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मीही तेवढीच बघितली."

"डबी पुसली गेल्यावर मी एक ॲप घेतलं होतं," तुषार पुटपुटला. "जुनी वॉलेटं उघडून देतो म्हणून जाहिरात होती. चाललं नाही, म्हणून सोडून दिलं."

"ते चालतच होतं," गार्गी म्हणाली.

आयुष्यभर ज्याने पोलादावर नावं घातली, त्याला पुढचं-मागचं बघून मधलं सोडणं माहीतच नव्हतं. मंगळसूत्राच्या डबीवर 'सुनंदा'च्या जागी 'सुनीता' पडलं तर लग्नघरात काय होतं, हे अण्णांनी एकदाच अनुभवलं होतं म्हणे, विसाव्या वर्षी. त्यानंतर त्यांनी प्रत्येक अक्षर वाचलं. हे काकूंनी सांगितलं, डोळे पुसत पुसत, आणि नवऱ्याकडे बघताना त्यांना अभिमान लपवता येत नव्हता.

दुसरा व्यवहार काकूंच्या फोनवर केला. त्यात भजनं आणि भाचरांचे फोटो सोडून काही नव्हतं. पत्ता पुन्हा दोन्ही पडद्यांवर आला. या वेळी 'दाबा' असं कुणीही म्हणालं नाही. अण्णांनी नख सरकवत साठही अक्षरं वाचली, शेवटाकडून सुरुवातीकडे पुन्हा एकदा वाचली, आणि स्वतःच्या अंगठ्याने बटण दाबलं. बारा मिनिटांनी नाणी नव्या पत्त्यावर पोचली.

गार्गीने फॉर्म पुरा केला. 'मालक व्यवहार समजून घेण्यास पूर्ण समर्थ आहेत' असं लिहून खाली कारण लिहिलं, आणि त्या कारणात स्वतःची चूकही लिहिली. कागद तिने तुषारपुढे धरला, पण त्याचं लक्ष नव्हतं. सकाळपासून जो वडिलांविषयी सगळ्यांशी बोलत होता, तो आता स्टूल ओढून थेट त्यांच्यासमोर बसला होता.

"अण्णा, मी तुमचा अंगठा धरला," तो म्हणाला. "चुकलं माझं."

अण्णांनी हात हलवला, जाऊ दे म्हटल्यासारखा.

"आणखी एक आहे. दुकानाला गिऱ्हाईक आलंय. दाखला मिळाला की विकायचं, असं मी त्याला सांगून बसलोय. तुम्हाला विचारलंच नाही. आता विचारतो. विकू?"

काकूंनी झटकन वर पाहिलं. त्यांनाही हे नवीन होतं.

अण्णांनी मान हलवली. एकदाच, पण स्पष्ट.

"मग चालवणार कोण? तुमचा उजवा हात..."

अण्णांचं डावं बोट त्यांच्या स्वतःच्या छातीवर टेकलं. मग ते सावकाश तिथून निघालं, तुषारच्या दिशेने गेलं आणि त्याच्यासमोर थांबलं. भुवया वर गेल्या. हा हुकूम नव्हता. अण्णा त्याला विचारत होते.

नगरची नोकरी, तिथलं घर, बायकोला काय सांगायचं, सगळं तुषारच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं. गार्गी पिशवी आवरत होती, तिचा हात थांबला.

अण्णांनी बोट मागे घेतलं नाही. त्यांना घाई नव्हती.